सुकारो

आमच्या आप्पांना कमी ऐकू येतं, असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत आहेत, लोकांनाच नीट बोलायची सवय राहिलेली नाही. आप्पा म्हणजे माझे सासरे, धुडकू आप्पा. चोपड्याकडच्या तापीकाठच्या एका गावातून मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले आणि उभी हयात लूमच्या खात्यात काढली. खातं म्हणजे माग चालतात ती शेड. आत शिरलं की शेजारचा कानात ओरडला तरी कळत नाही, म्हणून तिथे कोणी ओरडतच नाही. सगळा कारभार ओठांवर आणि हातांवर चालतो. आडवा पंजा हवेत कापला की माग बंद कर. मूठ मनगटातून गोल फिरवली की चालू कर. कानाची पाळी ओढली की शेठ येतोय, मान खाली घाल. खातं सुटून वर्षं झाली तरी ही भाषा त्यांच्या हातातून गेली नाही. घरी पंखा हवा असला की माझ्या नवऱ्याकडे, गजेंद्रकडे, बघून मूठ फिरवतात आणि तोही मुकाट उठून बटण दाबतो.

माझं म्हणाल तर मी इथलीच. माहेर लिंबायत, सासर गोडादरा, मधे एक रिक्षा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, असं सगळं एकदम शिकले. त्यामुळे एकही धड येत नाही, असं गजेंद्र म्हणतो. पण वीजबिल जास्त आलं, डॉक्टर काय बोलला ते कळलं नाही, महापालिकेचा माणूस दारात उभा राहिला, की सगळ्या घराला सुषमा आठवते. साड्यांना लेस लावायचं काम मी घरी आणते. पाय मशीनवर आणि फोन कानाला, कोणाचं तरी बोलणं दुसऱ्या कोणाला तरी समजावत माझा दिवस जातो.

आप्पांचं आयुष्यात एकच ठरलेलं होतं. हात थकले की गावी परत. गावी त्यांचा धाकटा भाऊ निंबा, म्हणजे आमचे निंबाकाका, वडिलांच्या वेळची केळीची बाग सांभाळतात. वाटणीवरून दोघा भावांत कधी तोंड वाजलं नाही, कारण आप्पांनी वाटणी मागितलीच नाही. मागितली ती बागेच्या कडेला एक खोली. ती यंदा बांधून झाली. वर पत्रे पडले, दाराला निळा रंग लागला आणि त्याचा फोटो काकांनी मोबाईलवर पाठवला. तो फोटो आप्पांनी गल्लीतल्या प्रत्येकाला दाखवला, काहींना दोनदा. दिवाळी झाली की जायचं, असं पक्कं झालं. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही आधी जाऊन विंचूकाटा बघा, मी संक्रांतीनंतर येते. सासूबाईंचं नाव भागीरथी असलं तरी त्यांना पाणी नळाचंच लागतं.

तोवर आप्पा ठाकोरभाईंच्या शेतावर होते. ठाकोरभाई म्हणजे आप्पांच्या जुन्या शेठचे साडू, कामरेजच्या पुढे त्यांची केळीची बाग आहे. खातं सुटल्यावर आप्पा घरात बसून सगळ्यांच्या पायात पायात यायला लागले, तेव्हा शेठनेच त्यांना तिकडे राखणीला लावलं. केळी म्हटल्यावर आप्पांनी दुसरं काही विचारलं नाही. मोटरीच्या खोलीशेजारी एक खाट, एक चूल आणि समोर केळीच्या रांगा. सणासुदीला घरी यायचे ते अंगाला केळीच्या चिकाचा वास घेऊन. शर्टावरचे ते काळे डाग मला कधी निघाले नाहीत. माझं डोकं फिरायचं, पण माणूस खूश होता हे दिसत होतं.

दसऱ्यानंतर ऊन तापायला लागलं तशी बागेच्या एका कोपऱ्यातली केळी पिवळी पडायला लागली. खालची पानं कडेने पिवळी व्हायची, देठातून मोडायची आणि खोडाभोवती लोंबत राहायची. आप्पांनी ठाकोरभाईंना दाखवलं. ठाकोरभाईंनी बागायत खात्याला फोन केला आणि स्वतः वडोदऱ्याला निघून गेले, कारण त्यांची मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि तिचं काही ठीक नव्हतं. म्हणजे बाई आली तेव्हा शेतावर आप्पा एकटे.

बाई म्हणजे ज्योतीबेन, सरकारच्या बागायत खात्यातली. मुलगीच म्हणायची, पंचविशीच्या आतबाहेरची. सुरतेच्या बायका ऊन आणि धूळ लागू नये म्हणून स्कूटीवर बसताना ओढणी डोक्या-तोंडाला गुंडाळतात आणि फक्त डोळे उघडे ठेवतात. ही तशीच आली. तशीच बागेत शिरली, कोपऱ्यातल्या एका केळीचं खोड चिरून बघितलं, आतला तुकडा पिशवीत घातला, पिवळ्या पडलेल्या झाडांना लाल फिती बांधल्या, मोबाईलवर जागेची खूण केली. जाताना आप्पांना सांगून गेली. ओढणी तोंडावर तशीच, बाजूला मोटर धडधडतेय, आणि आप्पांना वाचायला ओठ नाहीत.

ती काय म्हणाली हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. “काका, आमां सुकारो लाग्यो छे. पाणी बंध राखजो.” म्हणजे याला सुकारो लागलाय, पाणी बंद ठेवा. आणि मोटरीच्या नळाकडे हात करून तिने कॉक फिरवून बंद करतात तशी मूठ हवेत फिरवली. सुकारो हे गुजरातीत एका रोगाचं नाव आहे. आपल्याकडे त्यालाच मर म्हणतात. मातीतून मुळांत शिरतो आणि झाडाची पाणी वर नेणारी नळी आतून बंद करतो.

आता आप्पांचं काय झालं ते बघा. बाईच्या सगळ्या बोलण्यातून त्यांच्या कानात दोनच शब्द पडले, सुकारो आणि पाणी. सुकारो म्हणजे सुकलं, हे कुठल्याही खान्देशी माणसाला वाटणारच. पुढे पाणी. आणि वर बाईने मूठ फिरवली. उभ्या आयुष्यात ज्या खुणेवर हजारदा माग चालू केला ती खूण सरकारी बाईने समोर उभं राहून केल्यावर माणूस काय करणार. आप्पांनी मान डोलावली. बाई समाधानाने गेली. आणि आप्पांनी मोटर पूर्ण सोडली.

तो कोपरा बागेत सगळ्यात उंचावर. पाट तिथूनच निघतो. ज्योतीबेन परत येईपर्यंत आप्पा रोज त्या आजारी केळींच्या बुडाशी पाणी भरत राहिले आणि ते पाणी त्यांच्या पायाशी थांबलं नाही, उतारावरून साऱ्या बागेत फिरलं. आप्पा मला फोनवर सांगायचे, झाडांना बरं वाटतंय. मीही म्हटलं, असेल. मला केळीतलं काय कळतं, मी तर बाजारात डझनाने घेते.

मग एके दिवशी दुपारी ठाकोरभाईंचा फोन आला. वडोदऱ्याहून ते परतले होते. मुलीचं सुखरूप झालं होतं, पण त्यांचा आवाज कसनुसा होता. “बेन, तुम्ही या. सरकारी लोक आलेत आणि काकांना काय सांगायचं ते कोणाला जमत नाहीये.” मी लेस तशीच सुईखाली सोडली. गजेंद्र सुरतेबाहेर सचिन गावच्या कारखान्यात कामावर, म्हणून पर्वत पाटियापर्यंत एक रिक्षा आणि पुढे दुसरी, अशी धडपडत पोहोचले.

बागेच्या तोंडाशी तीन गाड्या उभ्या होत्या. एक बागायत खात्याची, एक कृषी विद्यापीठाची आणि एक केंद्र सरकारच्या त्या ऑफिसची, जे देशभरात कुठे कोणती कीड नि कोणता रोग सरकतोय यावर नजर ठेवतं. मला आधी वाटलं, आमच्या आप्पांना पकडायला आलेत. आप्पा खाटेवर बसले होते. मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, “सुषमा, ह्या लोक काय म्हनी राहिनात ते जरा पूस.”

मी विचारायला गेले आणि माझंच डोकं भंजाळलं. गावाचा ग्रामसेवक म्हणत होता, सगळी बाग उपटून जाळून टाका. विद्यापीठाचे साहेब म्हणत होते, खबरदार, एक झाड उपटायचं नाही. केंद्राचे साहेब हिंदीत म्हणत होते, झाडं मारायचीच आहेत, पण उभ्या उभ्या. मी एकाचं ऐकून आप्पांना सांगायची, तेवढ्यात दुसरा उलटं बोलायचा आणि आप्पा माझ्याकडे असे बघायचे की मीच काहीतरी गाळतेय. शेवटी मी चिडले. म्हटलं, साहेब, सरकार एक आहे ना, मग तुम्ही तिघं आधी आपसात ठरवा, मी तोवर पाणी पिऊन येते.

ज्योतीबेन हसली नाही, पण तिनेच मला बाजूला घेऊन नीट समजावलं. आज ओढणी गळ्यात होती. ती म्हणाली, उपटलं की मुळांबरोबर माती उडते आणि रोग त्या मातीतच असतो. म्हणून झाड जागच्या जागी औषध टोचून मारायचं, बुडाशी चुना टाकायचा, वरून झाकायचं आणि तिथे दोरी बांधायची. ग्रामसेवक सांगतोय ती जुनी पद्धत, दुसऱ्या रोगांना चालते. मी विचारलं, “आणि बाकीच्या झाडांना काय औषध?” ती म्हणाली, औषध नाही. “मग तुम्ही एवढी माणसं वाचवायला आलात ते काय?” तिने नदीच्या दिशेने हात केला. तिकडे दुसऱ्यांच्या बागा होत्या, हिरव्यागार. “बेन, आम्ही त्या वाचवायला आलोय,” ती म्हणाली.

हे मी आप्पांना कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही तेवढं. म्हटलं, रोग आहे, झाडं मारायला लागतील. आप्पांनी विचारलं, “पानी देत होतो ना मी रोज?”

ज्योतीबेनला पाणी हा शब्द कळला. तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मग सगळा उलगडा झाला, आणि तो मला दोन्हीकडून सांगावा लागला, आप्पांचं तिला आणि तिचं आप्पांना. आप्पा हाताने दाखवत होते. “ती सुकारो म्हने, पानी म्हने, आनि हात असा फिरवा तिनी. मी म्हनं, बरोबर शे, सुकी राहिनी बिचारी.” मी गुजरातीत सांगितलं. ज्योतीबेनने स्वतःची मूठ हवेत फिरवून बघितली, एकदा, दोनदा. मग हात खाली घेतला आणि ओठ दातांखाली धरले. विद्यापीठाचे साहेब पाटाच्या कडेकडेने खालपर्यंत चालत गेले. खालच्या रांगांतही चार ठिकाणी पानं लोंबायला लागली होती.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ठाकोरभाई बांधावर बसून म्हणाले, चूक माझी, या बेननी मला फोन केला होता, दवाखान्यात होतो, उचलला नाही. ज्योतीबेन म्हणाली, चूक माझी, मी काकांकडून परत वदवून घ्यायला हवं होतं. एका चुकीला एवढे मालक उभे राहिल्यावर आप्पांनी कोणाकडे बघावं हेच त्यांना समजेना. मग त्यांनी मला पुढे घातलं आणि ज्योतीबेनसमोर नेऊन उभं केलं.

“तिले पूस,” ते म्हणाले. “हाई मन्हामुये व्हयनं का?”

हे माझ्यामुळे झालं का. मी गुजरातीत विचारलं. ज्योतीबेन म्हणाली, रोग बागेत आधीच आलेला होता. रोपांबरोबर आला असेल, कोणाच्या ट्रॅक्टरच्या चाकाला लागून आला असेल, सांगता येत नाही. पाण्याने तो खाली गेला हे खरं. पण पावसाळ्यातही उतारावरून पाणी गेलंच होतं, तेव्हा गेला असेल तर आता दिसतोय. तेही सांगता येत नाही.

माझा पारा चढला. म्हटलं, “एवढे तुकडे कापून नेता, मशीनमध्ये घालता, आणि म्हाताऱ्या माणसाला हो की नाही एवढं सांगता येत नाही तुम्हाला?”

ती म्हणाली, “मी ‘नाही’ असं सांगू शकते. सांगू का?”

मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला आजही उमगत नाही. आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, की ते म्हणतात माहीत नाही. आप्पांनी मान हलवली. लूमवर काम करणारा माणूस माहीत नाही हे उत्तर कधी घेत नाही. धागा तुटला तर कुठे तुटला ते सापडतंच. त्यांना ते पटलं नाही, पण पुढे विचारणार कोणाला?

मग निघायची वेळ झाली. झाडं मारायला दुसऱ्या दिवशी माणसं येणार होती. बागेच्या तोंडाशी एका पसरट ट्रेमध्ये औषधाचं पाणी ओतलं होतं. सरकारी माणसांनी बुटांवरचे प्लास्टिकचे मोजे काढून जाळायच्या पिशवीत टाकले आणि एकेक जण बूट त्या पाण्यात बुडवून, ब्रशने तळवे घासून गाडीत चढला. आप्पा बघत राहिले. आपल्याकडे पाहुणा येतो तेव्हा पाय धुवायला पाणी देतात. जाताना पाय धुणारा पाहुणा त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. मला म्हणाले, “आपनी जागा बाटेल शे का?” मी म्हटलं, तसं नाही आप्पा, पायाला माती लागून जाते ना.

शेवटी केंद्राच्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र उभं करून सूचना दिल्या. इथली माती, इथलं पील, म्हणजे बुडातून फुटलेलं रोप, इथला कोयता, इथलं पान, काहीही बाहेर न्यायचं नाही. चपला इथेच ठेवायच्या. खास करून जिथे केळी आहे अशा ठिकाणी तर मुळीच काही न्यायचं नाही. या मातीत हा रोग वीस-तीस वर्षंसुद्धा टिकून राहतो. मी एकेक वाक्य आप्पांच्या समोर तोंड धरून, सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं. या वेळी मी एक शब्दही गाळला नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट परत विचारली.

“जिथं केयी शे तठे, म्हंजे चोपडा?”

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “जलगाँव जिला? वहाँ तो केला ही केला है. वहाँ तो बिल्कुल नहीं.”

मी आप्पांकडे वळून हो म्हटलं.

गजेंद्रने संध्याकाळी नवे कपडे आणि नव्या चपला नेल्या. आप्पांनी अंगावरचं सगळं तिथे सोडलं, मोटरीच्या खोलीमागे अंघोळ केली आणि नव्या कपड्यांत घरी आले. पुतण्याच्या लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. ठाकोरभाई म्हणाले होते, मी तिथे आता ऊस लावीन, काका राहू देत. पण आप्पा परत गेले नाहीत. दिवाळीत त्यांनी फराळ खाल्ला, शेजाऱ्यांना राम राम केला. कोणी गावाकडच्या खोलीचं विचारलं तर फोटो दाखवायचे नाहीत, नुसते हसायचे. गजेंद्रने भुसावळकडच्या गाडीचं तिकीट काढलं होतं, उधन्याहून, अमळनेरपर्यंत. पुढे निंबाकाका घ्यायला येणार होते. आम्हाला वाटलं, एकदा गाडीत बसले की सगळं मागे पडेल.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले होते. आप्पा दारातल्या पायरीवर बसून एक पाय मांडीवर घेऊन तळवा बघत होते. मी म्हटलं, काटा रुतला का? त्यांनी मला बोलावलं आणि पाय पुढे केला. बारा महिने अनवाणी पाटात उभं राहिलेला पाय तो. टाचेला करंगळी जाईल एवढ्या भेगा होत्या आणि प्रत्येक भेगेत काळी रेघ होती. कामरेजची काळी माती, आत बसून दगड झालेली.

“चपला तठे ठेवी उनू,” आप्पा म्हणाले. “कपडा ठेवी उनू. ह्या भेगा कोठे काढी ठेवू?”

मी आत जाऊन पाणी गरम केलं, घमेलं आणलं, त्यात फरशी पुसायचं औषध टाकलं, वजरी घेतली आणि त्यांच्या पुढ्यात बसले. सासऱ्यांच्या पायाला सुनेचा हात लागतो तो वाकून नमस्कार करण्यापुरता. आप्पा संकोचून पाय मागे घेत होते. मी दरडावलं तेव्हा त्यांनी पाय पाण्यात सोडले. मी घासत बसले. पाणी काळं झालं, बदललं, परत काळं झालं. सासूबाई आतून येऊन बघून गेल्या. भेगा स्वच्छ होत होत्या, पण खोलवर कुठेतरी एक काळं टिपूस राहायचंच, आणि जास्त घासलं तर रक्त येत होतं.

मी तशाच ओल्या हाताने ज्योतीबेनला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, बेन, ब्रशने घासून साबणाने धुतलं की पुरे, काकांना सांगा खुशाल जा, माणसाने गावी जायचं नाही असं आम्ही कुठे म्हटलं? मी फोन ठेवला आणि आप्पांच्या समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. धुतलं की पुरे. खुशाल जा.

आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुले बरोबर ऐकू उनं ना?”

मला राग यायला हवा होता. सगळ्या घराच्या कामाला येणारे हे कान, त्यांच्यावर कोणी अशी शंका घेतली नव्हती. पण मला रागच आला नाही. मला एकदम वाटलं, खरंच, मी बरोबर ऐकलं का? साबण म्हणाली की दुसरं काही? साहेब म्हणाले होते बिल्कुल नहीं, ही म्हणते खुशाल जा. दोघंही सरकार. मी परत फोन लावते म्हटलं तर आप्पांनी हाताने नको केलं.

“निंबाले लाव,” ते म्हणाले.

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. काका आनंदात होते, दादा, उद्या किती वाजता पोहोचतोस, मी जीप सांगून ठेवली आहे, असं चाललं होतं. आप्पांनी त्यांना सगळं सांगितलं. बागेचं आधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. सुकारो म्हणजे मर, हे सांगितलं. पाण्याचं सांगितलं. पायाच्या भेगांचंही सांगितलं. बाई जा म्हणते, साहेब नको म्हणतो, हेही सांगितलं. आणि विचारलं, “तू सांग. येऊ का?”

मला वाटलं, काका हसतील. म्हणतील, दादा, तुझं काहीतरीच, ये गुपचूप. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो, दारात सासूबाई, घमेल्याजवळ मी. फोनमधून नुसता पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. काका बागेतच उभे होते.

“दादा,” निंबाकाका शेवटी म्हणाले, “मंग थोडा दिन थांबी जाय.”

मला त्या क्षणी काकांचा इतका संताप आला की फोन घमेल्यात फेकावा. ज्या माणसाने आयुष्यात वाटणी मागितली नाही त्याला चार शब्दांत दारातून परत लावलं. पण आप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, कितीतरी दिवसांनी कोणीतरी सरळ उत्तर दिल्यासारखे ते निवांत झाले.

“बरोबर शे तुन्हं,” ते म्हणाले. “आनि तू बी इकडे येऊ नको.” मग त्यांनी विचारलं, यंदा घड कसे पडलेत, वाऱ्याने किती मोडली, भाव काय आहे. दोघं भाऊ केळीवर बोलत बसले.

मी घमेलं उचलून आत आणलं. आधीचं पाणी मी विचार न करता मोरीतच ओतलं होतं. मोरीतून पाणी गटारात जातं, गटार खाडीत, खाडी पुढे कुठे जाते ते मला माहीत नाही. मागच्या बाजूला शेजारणीची कुंडी होती. मी मोरीपाशी गेले, मग मागच्या दाराशी गेले, आणि ते काळं पाणी हातात धरून तशीच उभी राहिले, कारण ते कुठे ओतायचं हे विचारावं असं मला कोणी उरलं नव्हतं.